चीटर शोधण्याआधी निर्दोष बाजूला काढायचे

ऑनलाइन गेमच्या सर्व्हरवर येणाऱ्या चीटिंगच्या तक्रारींपैकी बऱ्याचशा चुकीच्या असतात. तक्रार करणारा खोटं बोलत नसतो. कोपऱ्यातून बाहेर पडल्या पडल्या डोक्यात गोळी बसली, चीड आली आणि बटण दाबलं गेलं, एवढंच. काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या गेमसाठी व्हॉल्व्ह कंपनीने २०१३ मध्ये ओव्हरवॉच सुरू केलं. त्यात अनुभवी खेळाडूच स्वयंसेवक म्हणून सामन्यांचे डेमो, म्हणजे साठवलेली रेकॉर्डिंग, पाहून कौल देत. २०१८ साली व्हॉल्व्हच्या बाजूने एका जाहीर व्याख्यानात जो हिशेब मांडला गेला तो असा: माणसांच्या तक्रारींवरून पुढे आलेल्या प्रकरणांत दोष सिद्ध होण्याचं प्रमाण साधारण १५ ते ३० टक्के, आणि व्हॅकनेट या डीप लर्निंग यंत्रणेने निवडलेल्या प्रकरणांत ८० ते ९५ टक्के. पाहणारे डोळे तेच होते. त्यांच्यापुढे काय ठेवलं गेलं, तेवढं बदललं.

आमच्यासारख्या लहान, खेळाडूंनीच चालवलेल्या कम्युनिटी सर्व्हरकडे व्हॅकनेट नसतं. दहा स्वयंसेवक आणि प्रत्येकाचे आठवड्याला चार तास, असं धरलं तर हातात चाळीस तास येतात. एक प्रकरण नीट पाहायला अर्धा तास लागतो आणि प्रत्येक प्रकरण तिघांनी स्वतंत्रपणे पाहायचं असेल, तर आठवड्याला जेमतेम सव्वीस प्रकरणं होतात. वर्दळीच्या सर्व्हरवर तेवढ्या तक्रारी शनिवारी रात्री एका बैठकीत येतात. म्हणून आमच्या कामाचा मोठा भाग पकडापकडीचा नाही. कोणत्या प्रकरणावर माणसाची अर्धा तास नजर खर्च करायची, हे ठरवण्यात तो जातो.

अँटी-चीट सॉफ्टवेअरचं काम वेगळं, आमचं वेगळं. सॉफ्टवेअर खेळाडूच्या मशीनवर गेमच्या मेमरीत कोण ढवळाढवळ करतंय, माहितीतल्या चीटची खूण कुठे दिसतेय हे तपासतं, किंवा सर्व्हरवर बसून अशक्य हालचाली पकडतं. फुकट मिळणारा, शेकडो जणांनी डाउनलोड केलेला चीट त्याला सापडतो. मोजक्या ग्राहकांना विकलेला, खूण माहीत नसलेला चीट सापडत नाही. आणि तो वापरणारा माणूस जपून खेळत असेल, म्हणजे भिंतीपलीकडचं दिसत असूनही गोळी स्वतःच मारत असेल, तर सर्व्हरच्या नोंदीत अशक्य असं काहीच उमटत नाही. तिथे खेळ जाणणारा माणूसच लागतो.

माणसं निवडताना पहिली चूक होते ती सर्वांत तगड्या खेळाडूंना घेण्याची. वरच्या दर्जाचा खेळाडू चांगला मॉड (मॉडरेटर, म्हणजे सर्व्हरची शिस्त राखणारा) होईलच असं नाही. उलट जे आपल्याला जमत नाही ते चीटच असणार, ही समजूत मधल्या पातळीच्या खेळाडूइतकीच त्याच्यातही असते, फक्त रेषा थोडी वर सरकलेली असते. दुसरी चूक, जो सगळ्यांत जास्त तक्रारी करतो त्याला उत्साही समजून घेणं. आम्हाला लागतो तो लिहून कारण देणारा माणूस. अर्जात एकच प्रश्न कामाचा असतो: एखाद्या सामन्यात तुम्हाला कुणाचा संशय आला आणि नंतर तो चुकीचा निघाला, असं केव्हा झालं आणि कशावरून कळलं? ज्याला एकही उदाहरण आठवत नाही त्याला आम्ही घेत नाही.

निवड झाल्यावर थेट अधिकार मिळत नाहीत. आधी वीस जुनी, निकाल लागलेली प्रकरणं पाहायला देतो. त्यातली सात-आठ पक्क्या चीटरची, बाकीची चांगल्या पण निर्दोष खेळाडूंची, ज्यांच्यावर तक्रारींचा पाऊस पडला होता. प्रमाण उमेदवाराला सांगायचं नाही. गुण देताना सुटलेल्या चीटरला एक वजा आणि निर्दोषाला दोषी ठरवलं तर चार वजा. हे विषम वाटेल, पण सुटलेला चीटर पुढच्या आठवड्यात पुन्हा चीट करतो आणि पुन्हा रांगेत येतो. चुकून बॅन झालेला माणूस बहुधा परत येत नाही, आणि जाताना चार मित्र घेऊन जातो.

अधिकारांच्या पायऱ्या ठेवतो. पहिल्या महिन्यात फक्त डेमो पाहून मत लिहायचं. मग सामना बिघडवणाऱ्याला किक करणं आणि चोवीस तासांपर्यंतचा तात्पुरता बॅन. कायमचा बॅन एकट्याच्या सहीने कुणीच देत नाही, सर्व्हरचा मालकही नाही. मॉडने टाकलेली प्रत्येक कमांड वेगळ्या लॉगमध्ये जाते आणि तो लॉग मॉडला पुसता येत नाही. मॉडच्या अकाउंटला टू-फॅक्टर सक्तीचं. चोरलेलं मॉड अकाउंट पाच मिनिटांत दोनशे जणांना बॅन करू शकतं आणि ते निस्तरायला आठवडा जातो.

तक्रार घेण्याचा फॉर्म जितका छोटा तितका निरुपयोगी, आणि जितका मोठा तितका कुणी भरत नाही. आमच्याकडे चारच रकाने टिकले: सामन्याचा क्रमांक, राउंड किंवा वेळ, खेळाडूचा आयडी आणि नेमकं काय दिसलं. आयडी म्हणजे दिसणारं नाव नव्हे. नाव दर तासाला बदलता येतं, दुसऱ्याचं नाव घेऊन चीट करणारेही भेटतात. स्टीमवर १७ आकडी आयडी असतो, ७६५६११९ ने सुरू होणारा, तोच लिहून घ्यायचा. चौथ्या रकान्यात नुसतं ‘हॅकर आहे’ लिहिलेलं असलं तर तक्रार रांगेच्या तळाशी. ‘धुरातून तिघांना मारलं, बारावा राउंड’ असं असलं तर वर.

रांग लावताना काही गोष्टींना वजन देतो. एकाच सामन्यात दोन्ही संघांतून तक्रार आली तर ती सर्वांत जड. विशेषतः स्वतःच्या संघातल्याने केलेली, कारण चीटरमुळे तो जिंकत असतो आणि तरीही तक्रार करतोय. पाच तक्रारी आल्या पण पाचही जण एकाच व्हॉइस चॅनलवर बसलेले मित्र असतील, तर ती एकच तक्रार धरायची. तक्रार करणाऱ्याचा इतिहासही धरतो. ज्याच्या आधीच्या दहा तक्रारींतून काहीच निघालं नाही त्याची अकरावी उशिरा पाहिली तरी चालते. नवं अकाउंट, थोडेच तास आणि खेळ मात्र जुन्या मुरलेल्या हाताचा, हा संशयाचा मुद्दा आहे, पुरावा नाही. स्मर्फ म्हणजे दुसऱ्या अकाउंटवरून खालच्या पातळीवर खेळणारा चांगला खेळाडू अगदी असाच दिसतो. लाइव्ह खेळणाऱ्या लोकप्रिय स्ट्रीमरविरुद्ध एका रात्रीत पन्नास तक्रारी आल्या तर त्या पन्नासांना शून्याने गुणावं.

आता पाहण्याचं काम. चालू सामन्यात अदृश्य होऊन बघणं सोपं वाटतं आणि म्हणूनच फसवं असतं. बघणाऱ्याच्या स्क्रीनवर जे दिसतं ते सर्व्हरकडून येताना उशीर झालेलं आणि मधल्या जागा भरून काढलेलं चित्र असतं. खेळाडूने शत्रू दिसल्यावर गोळी मारली, तरी आपल्या स्क्रीनवर शत्रू दिसण्याआधी गोळी सुटल्यासारखी वाटू शकते. लाइव्ह पाहणं फक्त उघड चीटरसाठी, जो गोल गोल फिरत संपूर्ण नकाशावर डोकी उडवतोय त्याला लगेच बाहेर काढायला. बाकी सगळं डेमोवरून.

डेमोलाही त्याचे दोष आहेत. सीएस:गो या काउंटर-स्ट्राइकच्या आवृत्तीच्या मॅचमेकिंगमध्ये खेळ सेकंदाला ६४ टिकवर चालायचा, म्हणजे दर १५.६ मिलिसेकंदांनी एक नोंद, पण डेमो ३२ टिकवर साठवला जायचा. अर्ध्या नोंदी गळाल्यामुळे जोरात केलेला फ्लिक, म्हणजे माउस झटकन वळवून साधलेला नेम, डेमोत एका झटक्यात डोक्यावर उडी मारल्यासारखा दिसे. नवखे लोक त्यावरून एमबॉटचा, म्हणजे आपोआप नेम धरणाऱ्या चीटचा, शिक्का मारत. आजही कोणताही डेमो उघडण्याआधी तो किती टिकवर नोंदवलाय, खेळाडूचं पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) किती होतं आणि पॅकेट लॉस (वाटेत गळालेला डेटा) होता का, हे पहिल्या ओळीत लिहायचं. ते लिहिल्याशिवाय पुढचं मत आम्ही वाचत नाही.

पहिली फेरी साध्या वेगाने, भिंतीपलीकडचे खेळाडू दाखवणारा एक्स-रे बंद ठेवून पाहायची. हा नियम लोकांना जाचक वाटतो, पण कारण साधं आहे. एक्स-रे चालू असला की भिंतीमागे शत्रू कुठे आहे हे आपल्याला दिसत असतं आणि खेळाडूचा क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची खूण, त्याच्या जवळून गेला की मन लगेच जोड लावतं. क्रॉसहेअर दिवसभर भिंतींवरून फिरतच असतो. कधी ना कधी तो कुणावरून तरी जाणारच. बंद ठेवून पाहिलं तर प्रश्न सरळ राहतो: खेळाडूला जे माहीत होतं तेवढ्यावरून हे वागणं पटतं का? मग दुसऱ्या फेरीत एक्स-रे चालू, आणि तिसऱ्या फेरीत फक्त निवडलेले क्षण पाव वेगाने.

वॉलहॅक, म्हणजे भिंतीपलीकडचं दाखवणारा चीट, ओळखणं हे या कामातलं सर्वांत अवघड आहे आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. प्रत्येक संशयास्पद क्षणासाठी आम्ही एकच प्रश्न लिहितो: ही माहिती त्याला आणखी कुठून मिळू शकली असती? पावलांचा आवाज, शस्त्र बदलल्याचा आवाज, रडार, आधी मेलेल्या सोबत्याने दिलेली हाक, मागच्या दोन राउंडमध्ये शत्रू त्याच जागी उभा होता ही आठवण, बॉम्ब लावल्याचा आवाज, शत्रूच्या गेममधल्या पैशांवरून बांधलेला अंदाज. यातलं एक जरी लागू होत असलं तर तो क्षण खोडायचा. डेमोत संघाचं व्हॉइस बहुतेक वेळा नसतं, त्यामुळे हाकेची शक्यता सहसा उरतेच. म्हणून एक क्षण कधीच पुरत नाही. वेगवेगळ्या राउंडमधले, एकमेकांशी संबंध नसलेले किमान तीन क्षण लागतात, ज्यांना यातलं कुठलंच स्पष्टीकरण लागत नाही.

त्याहून बोलका पुरावा असतो तो खेळाडू काय करत नाही यात. स्वच्छ खेळणारा माणूस खोलीत शिरताना रिकामे कोपरेही तपासतो, कारण ते रिकामे आहेत हे त्याला माहीत नसतं. भिंतीपलीकडचं दिसणारा ते सोडून देतो. पाच संभाव्य जागांपैकी चार रिकाम्या असताना एकदाही तिकडे न बघता सरळ पाचव्या जागेकडे वळणं, आणि हे सामनाभर होणं, हे एखाद्या चमकदार हेडशॉटपेक्षा कितीतरी जड. हुशार चीटर हे जाणून असतो आणि मुद्दाम रिकाम्या कोपऱ्याकडे नजर टाकतो. पण ती नजर उपचारापुरती, घाईची असते आणि क्रॉसहेअर डोक्याच्या उंचीवर नसतो. शत्रू खरोखर असलेल्या कोपऱ्याकडे मात्र तो वेग कमी करून, नीट उंचीवर क्रॉसहेअर ठेवून जातो. दोन प्रकारच्या कोपऱ्यांवर त्याने किती वेळ दिला याची कागदावर दोन ओळींत मोजदाद केली की फरक दिसतो. कंटाळवाणं काम आहे, पण आमचे सर्वांत पक्के निकाल यातूनच आलेत.

एमबॉटचं तसं सोपं. क्रॉसहेअर लक्ष्यावर पोचतो कसा ते बघायचं. माणसाचा हात थोडा पुढे जातो किंवा मागे राहतो आणि मग दुरुस्ती करतो. ही दुरुस्ती दर वेळी वेगळी असते. चीटमध्ये ती नसते, किंवा दर वेळी सारखीच असते. लक्ष्य भिंतीमागे गेल्यावरही क्रॉसहेअर त्याच्या डोक्याला चिकटून सरकत राहिला तर फारसं बोलायची गरज उरत नाही. ट्रिगरबॉटमध्ये नेम माणसाचा असतो आणि घोडा यंत्र दाबतं. तिथे प्रतिक्रियेचा वेळ मोजायचा. अनपेक्षित गोष्ट दिसल्यावर बोट दाबायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, चांगल्या खेळाडूला थोडे कमी. धावण्याच्या शर्यतीतही बंदुकीच्या आवाजानंतर १०० मिलिसेकंदांच्या आत हलणारा धावपटू चुकीची सुरुवात केल्याबद्दल बाद होतो. एखादी गोळी ८० मिलिसेकंदांत सुटली तर तो शत्रू दिसण्याआधीच अंदाजाने केलेला प्रीफायर असू शकतो. वीस गोळ्यांचे वेळ मांडल्यावर सगळे कमी असले आणि त्यांच्यात चढउतारच नसला, तर तो माणूस नव्हे. वेग फसवतो, एकसारखेपणा फसवत नाही.

माइनक्राफ्टसारख्या, ब्लॉक खणण्याच्या खेळात हे सगळं नोंदींवर चालतं आणि स्वयंसेवकाला नेमबाजी कळायची गरज नसते. कोअरप्रोटेक्टसारखा प्लगइन कुणी कोणता ब्लॉक कधी, कुठे फोडला हे लिहून ठेवतो. एक्स-रे, म्हणजे इथे दगडाआडची खनिजं दाखवणारा चीट, वापरणाऱ्याचा बोगदा नकाशावर मांडला की ओळखू येतो: दगडातून सरळ जाता जाता अचानक काटकोनात वळून हिऱ्यापाशी, तिथून पुन्हा वळून पुढच्या हिऱ्यापाशी. साध्या खाणकामात माणूस एका रेषेत खणत जातो आणि हिरा बाजूला लागला तर लागतो. फोडलेल्या दगडांच्या मानाने हिरे किती, हे गुणोत्तर काढतो, पण त्याच सर्व्हरवरच्या, त्याच उंचीवर खणणाऱ्या इतरांशी तुलना करूनच. गुहेत फिरणाऱ्याला दगड न फोडता हिरे दिसतात. त्याचं गुणोत्तर नेहमीच संशयास्पद येतं.

याआधी सर्व्हरचीच कडी घालता येते. पेपर या माइनक्राफ्टच्या सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये अँटी-एक्स-रेची सोय आहे. इंजिन-मोड १ मध्ये सगळ्या बाजूंनी झाकलेली खनिजं खेळाडूच्या मशीनला साधा दगड म्हणून पाठवली जातात, मोड २ मध्ये सगळीकडे खोटी खनिजं पेरली जातात. जे खेळाडूच्या मशीनपर्यंत पोचलंच नाही ते कुठलाही चीट दाखवू शकत नाही. पण मोड १ मध्ये गुहेला लागून उघडी असलेली खनिजं तशीच दिसतात, आणि मग एक्स-रेवाल्याचे बोगदे गुहांच्या भिंतींकडे वळतात. मॉडने बघायची जागा तेव्हा बदलते. हे नव्या स्वयंसेवकाला सांगायचं राहिलं तर तो जुन्या खुणा शोधत बसतो.

उडण्याच्या आणि वेगाच्या इशाऱ्यांवर बॅन देऊ नये. माइनक्राफ्टमध्ये धावण्याचा वेग सेकंदाला ५.६१२ ब्लॉक आणि मारण्याचा पल्ला ३ ब्लॉक. यापलीकडे गेलं की प्लगइन ओरडतो. पण सर्व्हर सेकंदाला २० टिक देऊ शकला नाही, खेळाडूचं नेट अडकून मग सगळी पॅकेट्स एकदम आली, बर्फावरून घसरला, वेगाचं औषध प्यायला, स्फोटाने उडाला, तरी तो असाच ओरडतो. इशाऱ्याबरोबर त्या क्षणाचा सर्व्हरचा टिक-दर आणि खेळाडूचं पिंग एकाच ओळीत छापून घेण्याची सोय केली की निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

काही सर्व्हरवर संशयिताला जागेवर गोठवून त्याला स्क्रीन शेअर करायला लावतात आणि फोल्डर उघडून दाखवायला सांगतात. आम्ही हे करत नाही. समोर बहुधा शाळकरी मुलगा असतो, बघणारा अनोळखी स्वयंसेवक, आणि स्क्रीनवर त्याच्या घरच्यांचे फोटोसुद्धा येतात. शिवाय नकार दिला म्हणून दोषी धरायचं, हे कुठल्याच मापाने बसत नाही.

बुद्धिबळात नोंदी पूर्ण असतात, म्हणून तिथे गणित पुढे जातं. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर इरविन आणि कॅलॅडिन या यंत्रणा संशयित खेळ वर काढतात, फिशनेटमार्फत स्वयंसेवक आपल्या संगणकांची ताकद स्टॉकफिश या बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामच्या (इंजिनच्या) विश्लेषणाला देतात, आणि मॉड सगळं एकत्र ठेवून पाहतात. इंजिनशी जुळणाऱ्या चाली मोजताना सक्तीच्या चाली आणि पाठ असलेली सुरुवात वगळावी लागते, नाहीतर प्रत्येक अभ्यासू खेळाडू चीटर ठरतो. वेळेचा नमुना पाहणं जास्त उपयोगी: साध्या पुनर्मारीलाही सहा सेकंद आणि खोल बलिदानालाही सहाच सेकंद.

आकडेवारी कशी वापरावी याचा धडा स्पीडरनच्या, म्हणजे गेम कमीत कमी वेळात संपवण्याच्या शर्यतींच्या, स्वयंसेवकांकडून घ्यावा. डिसेंबर २०२० मध्ये माइनक्राफ्ट स्पीडरनच्या मॉडनी ड्रीम या यूट्यूबरच्या सहा लाइव्हस्ट्रीमबद्दल २९ पानांचा अहवाल काढला. गेममधल्या पिगलिन या प्राण्याशी केलेल्या २६२ अदलाबदलींत गेम संपवायला लागणारे एन्डर पर्ल मिळाले ४२ वेळा. खेळाच्या नियमाप्रमाणे शक्यता पावणेपाच टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण बारा-तेरा वेळा मिळायला हवे होते. ब्लेझ नावाचे ३०५ राक्षस मारून कांड्या मिळाल्या २११ जणांकडून, अपेक्षा निम्म्यांची. अहवालातली सर्वांत महत्त्वाची पानं मात्र या आकड्यांची नाहीत, ती सवलतींची आहेत. नशीब चांगलं असलेल्याच स्ट्रीम निवडल्या गेल्या असतील, पुरेसे पर्ल मिळताच खेळाडू थांबत असेल, हजारो धावपटूंपैकी कुणाला तरी असं नशीब लाभणारच, या प्रत्येक शक्यतेसाठी त्यांनी आकडा आरोपीच्या बाजूने झुकवला. एवढं करूनही उत्तर साडेसात लाख कोटींत एक असं आलं. खेळ बदललेला होता हे ड्रीमने मे २०२१ मध्ये मान्य केलं, मात्र ते हेतुपुरस्सर नव्हतं असं सांगत. आमच्याकडे हिऱ्यांचं गुणोत्तर काढताना हाच नियम: आधी संशयिताच्या बाजूचे सगळे मुद्दे आकड्यात घालायचे, मग काय उरतं ते बघायचं.

निकालाची पद्धत. तिघे स्वतंत्र पाहतात, एकमेकांचं मत लिहून होईपर्यंत दिसत नाही. खेळाडूचं नाव, अवतार, चॅट, सगळं झाकलेलं. ओव्हरवॉचमध्येही खेळाडू फक्त ‘संशयित’ म्हणून दिसे आणि तक्रारींची संख्या सांगितली जात नसे. संख्या कळली की मन आधीच कलतं. ओळखीचा निघाला, मित्र असो वा ज्याच्याशी खुन्नस आहे तो, तर प्रकरण परत करायचं. कारण विचारलं जात नाही. तिघांचं एकमत असेल तरच कायमचा बॅन. दोन विरुद्ध एक असेल तर प्रकरण बंद नाही, पण बॅनही नाही. त्या खेळाडूचे पुढचे तीन सामने आपोआप रांगेत येतात. ‘पुरावा अपुरा’ हा कौल स्वयंसेवकांना पराभवासारखा वाटतो. तसा तो वाटू नये म्हणून महिन्याच्या ताळेबंदात आम्ही बॅनची संख्या लावतच नाही. कुणी किती पकडले याची यादी लावली की दोन आठवड्यांत सगळेच पकडायला लागतात. बक्षीस लावलं तर त्याहून वाईट. मग न बघता ‘दोषी’ दाबत जाणारे येतात.

उघड चीटर सोडला तर बॅन लगेच लावत नाही. निकाल जमा करून आठ-दहा दिवसांनी एकत्र लावले की कोणत्या सामन्यामुळे, कोणत्या खुणेमुळे पकडलं गेलो हे चीट वापरणाऱ्याला आणि तो विकणाऱ्याला कळत नाही. डोटा २ मध्ये व्हॉल्व्हने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४० हजारांहून अधिक अकाउंट एकदम बंद केली ती सापळा लावून. गेममध्ये असा डेटा पेरला होता जो साध्या खेळात कधीच वाचला जात नाही, तो वाचणारे फक्त चीट. असा सापळा लहान सर्व्हरही लावू शकतो: चारही बाजूंनी दगडात गाडलेली, दिसण्याची शक्यताच नसलेली पेटी. तिच्याकडे सरळ खणत आलेला माणूस योगायोगाने एकदा येऊ शकतो. तीन वेगवेगळ्या पेट्यांकडे नाही. सापळ्याच्या जागा मॉडनाही सांगू नयेत. दोघांनाच माहीत असाव्यात.

कारण चीटिंग मॉडकडूनही होतं. अदृश्य होऊन फिरणारा मॉड व्हॉइसवर मित्राला शत्रूची जागा सांगतो, हा सर्वांत जुना प्रकार आहे आणि त्यावर कुठलंही अँटी-चीट चालत नाही. उपाय दोन: अदृश्य झाल्याची वेळ आणि जागा लॉगमध्ये पडते, आणि मॉड ज्या सामन्यावर नजर ठेवतोय त्यात त्याच्या नेहमीच्या सोबत्यांपैकी कुणी असेल तर ते आठवड्याच्या तपासणीत आपोआप वर येतं.

अपील वेगळ्याच माणसाकडे जातं, आधीच्या तिघांपैकी कुणाकडेही नाही. ‘भावाने माझ्या अकाउंटवरून खेळलं’ याला आमच्याकडे उत्तर ठरलेलं आहे: अकाउंटची जबाबदारी अकाउंट ज्याचं त्याची. पण ‘त्या राउंडमध्ये सोबत्याने मला जागा सांगितली होती, त्याचं रेकॉर्डिंग आहे’ असं कुणी म्हटलं तर ते ऐकायचंच, आणि तो क्षण यादीतून गळाल्यावर बाकीचे तीन उरतात का हे नव्याने मोजायचं. चूक निघाली तर बॅन उठवून त्याच जागी तसं जाहीर करायचं, खाजगी संदेशात गुपचूप नाही. बॅन जाहीर करताना मात्र उलट: आयडी आणि मुदत एवढंच. क्लिप लावून हसवण्याची पद्धत बंद केल्यावर बदला घेण्यासाठी दुसऱ्या अकाउंटवरून येणारे कमी झाले. बॅननंतर ज्यांनी त्या चीटरशी खेळून गुण गमावले त्यांचे गुण परत करावेत. लिचेस तसं करतं, आणि तक्रार करून काय उपयोग असं म्हणणाऱ्या खेळाडूला ती परतफेड दिसते.

डेमो आणि मतपत्रकं अपिलाची मुदत संपेपर्यंत ठेवायची, आमच्याकडे ती साठ दिवस. नंतर पुढच्या स्वयंसेवकांसाठी निवडलेली प्रकरणं सोडून बाकीचे डेमो पुसायचे, पण तिन्ही मतपत्रकं ठेवायची, कारण त्यांच्यावरूनच ती प्रकरणं निवडली जातात.

जुने मॉड शिळे होतात. सहा महिने रोज चीटर बघितल्यावर प्रत्येक चांगली गोळी संशयास्पद दिसायला लागते, आणि हे त्यांचं त्यांना कळत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी त्यांच्याही रांगेत न सांगता दहा प्रकरणं सोडतो, दहाही निर्दोष खेळाडूंची. ज्याला त्यात दोनहून जास्त चीटर सापडतात, त्याला पुढचा महिना फक्त अपिलं वाचायला देतो.